हजेरीचा दोर

मु. कॅम्प, लेहच्या पुढे
१८ जून २०२३

तीर्थरूप भाईंस,

मितेशचा शि. सा. नमस्कार. पंधरा हजार फुटांवरून घालतोय, मालवणात पोचेपर्यंत थोडा थंड होईल, तरी मानून घ्या.

पाकीट बघून घाबरू नका, मला काही झालेलं नाही. माझं मोबाईलचं कार्ड इकडे चालत नाही. महिन्यातून एकदा लेहला गेलो की आईला फोन करतो. तुम्हाला केला असता, पण तुमचे कान गेल्यापासून तुम्ही फोनवर नुसतं होय होय करता. मागच्या खेपेला मी विचारलं बांगडे लागले का, तर तुम्ही म्हणालात, चतुर्थीला बघू. म्हणून हे पत्र. शाळा सोडल्यावर एवढं पहिल्यांदाच लिहितोय. चुका नम्रताला काढू द्या. माझ्या चुका काढायला तिला लहानपणापासून आवडतं.

इथं आम्ही रस्ता फोडतो. मी पोकलेनवर हेल्पर. ग्रीस लावायचं, दगड बघायचा, ऑपरेटर जेवायला गेला की सीटवर बसून आपण चालवतो असं मनात म्हणायचं. गोव्याचं हॉटेल झालं, पर्यटकांची होडी झाली, पुण्याला दोन महिने पाण्याच्या टाक्या धुतल्या. तुम्ही म्हणता तसा माझ्या पायाला भोवरा आहे. पण ह्या मशीनपाशी चौदा महिने टिकलोय, हे वाडीत सांगा. कोणी विश्वास ठेवणार नाही, तरी सांगा.

आता खरं कारण. आंगणेवाडीच्या जत्रेत मी हातावर गोंदवून घेतलं आणि तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, ते ‘स्वराज्य’. परवा गरम पाण्यात हात शेकत होतो तेव्हा आमच्या मुकादमानं विचारलं, हे काय लिहिलंय. तो झारखंडचा, वयानं तुमच्या जवळपास. मी सांगितलं, शिवाजी महाराजांचं. तो म्हणाला, ते कळलं, पण म्हणजे काय? म्हटलं, आपलं राज्य. तर विचारतो, आपलं म्हणजे कुणाचं? तुझं एकट्याचं, की ह्यात मीपण येतो? आणि ते चालवतो कोण? भाई, मी नुसता पाण्यातला हात काढून पुसत बसलो. अख्खा तंबू हसला. ऑपरेटर म्हणाला की ह्याला अर्थ माहीत नाही, कातडीवर मात्र पक्कं करून बसलाय.

तर शब्द कुठून आला, अर्थ काय, ते दत्तप्रसाद मास्तरांना विचारून कळवा. मुकादमाचं तोंड बंद होईल असं लिहा. वाडीत माझं ‘दोरसोड्या’ नाव अजून चालू आहे का, तेही कळवा. नसेल तर विचारलं म्हणून आठवण करून देऊ नका.

लोभ ठेवा. राग शिल्लक असेल तर तोही असू दे, पण वरच्या फळीवर.

तुमचा,
मितेश

—

खडपवाडी, मालवण
३ जुलै २०२३

चि. मितेश यास,

भाईचे अनेक आशीर्वाद. तुझा नमस्कार थंडच पोचला. इकडच्या उकाड्यात बरा वाटला.

तुझे पत्र मी दोनदा वाचले, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. माझे मोठ्याने म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, समर्थची आई दोन घरे पलीकडून विचारायला आली की मितेशला लेहमध्ये कोणी मारले काय. चौदा महिने टिकलास हे मी सांगितले. शेजारचा मंगेश म्हणाला, मशीन जड असेल, घेऊन पळता येत नसेल.

दत्तप्रसाद मास्तरांकडे गेलो. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी इतिहास विचारला की हे गृहस्थ खुर्चीतून उठून फळ्याजवळ उभे राहिल्यासारखे बोलतात. त्यांनी माझ्या वहीत लिहून दिले, त्यातले कळले तेवढे सांगतो. शब्द फार जुना. वेदांत इंद्राच्या स्तुतीत येतो, तिथे त्याचा अर्थ स्वतःच्या बळावर सत्ता असणे, वर दुसरा धनी नसणे, असा धरतात. पुढे महाराजांच्या नावाचे, रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांना लिहिलेले एक पत्र आहे, त्यात ‘हिंदवी स्वराज्य’ असे शब्द येतात. मात्र ते पत्र अस्सल की मागाहून कोणी केलेले, यावर विद्वानांचे अजून भांडण आहे. मी म्हटले, मास्तर, म्हणजे एवढा शब्द महाराजांनी लिहिला की नाही तेही नक्की नाही? मास्तर म्हणाले, लिहिला की नाही ते कागदवाले ठरवतील, केले ते समोर पाण्यात उभे आहे. आणि खिडकीतून किल्ल्याकडे बोट दाखवले. खिडकीतून दिसत होते ते खोताच्या गोठ्याचे छप्पर, पण मी मान हलवली.

मला आवडले ते पुढचे. शाहू महाराजांच्या वेळी दिल्लीहून सनदा आणल्या, त्यांत स्वराज्य वेगळे आणि चौथाई वेगळी. थोरल्या महाराजांच्या शेवटच्या काळी जो मुलूख आपल्या कारभारात होता, ते स्वराज्य. बाकीच्या मुलखातून नुसता चौथा हिस्सा यायचा. मास्तरांनी एवढेच सांगितले. घरी येताना वाटेत मी माझ्या डोक्याने जोडले ते असे. जिथून फक्त घ्यायचे ती चौथाई. जिथे विहीर आटली, बांध फुटला, माणूस आजारी पडला तर आपल्याला जावे लागते ते स्वराज्य. मुकादमाला हे सांग.

आता माझे ऐक. आपली वाडी तुझ्यासाठी ह्या दोहोंपैकी काय आहे?

नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी पहिली रापण, साऱ्या वाडीने जाळे ओढायचे, आणि हजेरी. तुला रीत सांगायला नको, तरी सांगतो, कारण सांगायचे काम रापणीच्या म्होरक्याचे, तांडेलाचे. मी दोराचे टोक धरून माडाखाली बसणार आणि एकेका घराचे नाव पुकारणार. समुद्राच्या आवाजात ‘हो’ ऐकू येत नाही म्हणून वाडवडिलांनी ठरवले की उत्तर दोरातून द्यायचे. माझे कान गेले तरी माझे तांडेलपण गेले नाही ते ह्याच रीतीमुळे. एकतीस घरांच्या एकतीस ओढी मी डोळे मिटून ओळखतो. तुझ्या बापाची एक लांब, मागोमाग एक आखूड. लवू गेल्यावर तू तशीच द्यायचास.

तू दोर सोडून गेलास त्याला हा तिसरा हंगाम. ज्या घराचा हात तीन हजेऱ्या लागला नाही त्या घराचा वाटा बंद होतो. नाव मीच पुकारणार आणि ओढ आली नाही तर मीच ते घर वगळणार. माझ्या भावाचे घर. तेव्हा ये. सवलत मागू नकोस.

तुझे नाव अजून चालू आहे. विचारलेस म्हणून सांगितले.

प्रकृतीस जप. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे, फळी शोधत बसू नकोस.

तुझा,
भाई

—

मु. कॅम्प
१७ जुलै २०२३

तीर्थरूप भाईंस,

शि. सा. नमस्कार. आजचा जरा ताठ कण्यानं घातलाय, पत्र वाचलंत की कळेल का ते.

तुमची स्वराज्य आणि चौथाईची गोष्ट जेवताना सगळ्यांना सांगितली. मुकादमानं दोनदा सांगायला लावली. मग म्हणाला की हे त्याला नवीन नाही. त्यांच्या गावाला सालाच्या झाडाखाली सगळे बसतात, मोहाची फुलं कधी वेचायची ते तिथं ठरतं, आणि ठरल्याआधी वेचली तर प्रमुखाच्या बायकोची टोपलीसुद्धा उलटी करतात. त्याला कोणी नाव दिलेलं नाही, म्हणाला. मग रापण म्हणजे काय ते विचारलं. मी ताटात डाळीचा समुद्र केला, भाकरीच्या तुकड्याची होडी केली. होडी अर्धगोल जाळं टाकून येते, जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर, दोन्ही दोरांवर सगळी वाडी, आणि जे लागेल त्याचे घरटी वाटे. तो म्हणाला, मग तुझ्या हातावर लिहिलंय ते तुझ्या गावात रोज होतंय की, आणि तू इथं दगड फोडतोस.

आता मुद्दा. मी येऊ शकत नाही. आमचा ऑपरेटर सप्टेंबरला घरी जातोय तो परत येणार नाही. सायबांनी मला सांगितलंय की सप्टेंबरअखेर एकही खाडा न करता राहिलो तर सीट माझी. भाई, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला म्हटलंय की टिकलास तर देतो. नाहीतर सगळे म्हणतात की हा जाणारच, म्हणून आधीच दुसरा माणूस बघून ठेवतात. ऑगस्टात आलो तर इथंही दोरसोड्याच झालो.

म्हणून मागू नको म्हणालात तरी मागतो. मंगेशला आमच्या वतीनं ओढू द्या. तेही नको असेल तर आमचं नाव आलं की नुसतं पुढं जा. तुम्ही माडाखाली बसता, टोक तुमच्या हातात. ओढ आली की नाही ते तुमच्याशिवाय कोणाला कळतं? तुम्ही रापणीचे राजे. राजानं मनात आणलं तर एका घराची ओढ आली असं म्हणता येत नाही? महाराज असते तर विधवेचं घर वगळलं असतं का?

एवढं करा. आई तुम्हाला कधी काही मागणार नाही, म्हणून मी मागतोय.

तुमच्या मायेवरच भिस्त आहे,
मितेश

—

खडपवाडी, मालवण
३१ जुलै २०२३

प्रिय दादा,

नम्रताचा नमस्कार. आशीर्वाद द्यायची तुझी लायकी नाही, तरी रीत म्हणून घेते.

मेल्या, तू काय लिहून ठेवलंस? तुला ठाऊक आहे भाई पत्र कसं वाचतात. रापणीची बैठक होती, माणसं जमायची होती, तेवढ्यात पोस्टमन आला. भाईंनी तिथंच पाकीट फोडलं आणि आपण मनात वाचतोय अशा समजुतीनं अख्खं पत्र देवळाच्या आवारात वाचलं. डाळीच्या समुद्रापर्यंत सगळे हसत होते. मग राजे आले. मग ते आलं, की ओढ आली असं तुम्ही खोटं म्हणा. ते वाक्य संपल्यावर भाईंना कळलं की समोर वीस माणसं उभी आहेत.

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. समर्थचे वडील म्हणाले, भाईनू, झील तरणो आसा, मनावर घेव नकात. तर भाई म्हणाले की मला राजा म्हणणाऱ्यानं एकदा येऊन बघावं माझं किती चालतं ते. आणि खरंच आहे. दोन वर्षांमागं पर्यटकांना तिकीट लावून रापण दाखवायचं काढलं होतं, भाईंना ते हवं होतं. तुला रीत ठाऊक आहे, ज्याला हो असेल त्यानं दोर धरायचा, नाही असेल त्यानं सोडायचा. भाई सोडून सगळ्यांनी सोडला. ते एकटेच दोर हातात घेऊन उभे, कपडे वाळत घालायला निघाल्यासारखे. मग मुकाट्यानं गुंडाळून ठेवला. हा तुझा राजा.

आईला मी विचारलं काय करायचं. ती म्हणाली, वाटा तुझ्या बाबांच्या हातांचा होता, हात नाहीत तर वाटा कशाला मागायचा. हे बोलताना ती बाबांचा दोरावरचा कमरपट्टा तेल लावून पुसत होती. गेली सहा वर्षं ती तो दर पावसाळ्यात पुसते, बुरशी धरू नये म्हणून. तो वाटा म्हणजे दोन वेळचं कालवण एवढंच नाही, दादा. हजेरीला बाबांचं नाव वर्षातून एकदा मोठ्यानं घेतलं जातं. यंदानंतर ते कोणी घेणार नाही.

कॉलेजात आम्हाला स्वराज्य हा शब्द आहे, काँग्रेसच्या कलकत्त्याच्या अधिवेशनापासून, १९०६ साल. अध्यक्ष दादाभाईंनी तो मागणी म्हणून मांडला. मग टिळक, मग लाहोरला पूर्ण स्वराज्य. परीक्षेला मी हे पाच गुणांना लिहिते. पण तुझ्या मुकादमाचा प्रश्न पुस्तकात नाही, आपलं म्हणजे कुणाकुणाचं. आपल्या वाडीत बायका ओल्या वाळूच्या अलीकडे टोपल्या घेऊन बसतात. दोराला हात लावत नाहीत. असं कोणी ठरवलं, मी यशोदाआजीला विचारलं. ती सर्वांत म्हातारी. तिनं पुष्कळ आठवलं आणि म्हणाली, ठरवलेलं काय माका आठवत नाय गो, आमका कोणी विचारलाच नाय.

तर मी तुला परवानगी मागत नाहीये. मी दोर धरणार आहे. तुझ्याकडून एकच हवंय. कसा धरायचा ते लिही. इथं कोणाला विचारलं तर बातमी भाईंच्या आवाजात फुटेल. आणि बाबांची ओढ नेमकी कशी द्यायची तेही लिही. तू सोडलास, पण त्याआधी बाबांच्या जागी तीन वर्षं धरला होतास.

लवकर लिही. माझ्यावर चिडायचं असेल तर दुसऱ्या कागदावर चीड, हा मी जपून ठेवणार आहे.

तुझी,
नम्रता

—

मु. कॅम्प
१३ ऑगस्ट २०२३

प्रिय नम्रता,

आशीर्वाद, लायकी नसली तरी.

चिडलो होतो. दुसऱ्या कागदावर चिडलो, तो शेगडीत टाकला. भाईंचं वाचून जेवण गेलं नाही. त्यांना वेगळं पत्र लिहायला बसलो तर दोन ओळींच्या पुढं गेलं नाही. हे झालं की लिहीन.

आता नीट वाच. बाबांचा पट्टा कमरेवर घे, पोटावर नको. दोर हातानं ओढू नकोस, हात दोन ओढीत फाटतील. दोर फक्त धरायचा, ओढायचं पाठीनं आणि टाचांनी. तोंड समुद्राकडे, चालायचं मागे. टाच वाळूत रोवायची, मग दुसरी. डाव्या दोरावर उभी राहा, तिथं वाळू घट्ट आहे. हातमोजे घालू नकोस. हाताला दोर कळला पाहिजे.

ताकद तुला वाटते तेवढी लागत नाही. लागतं ते असं की पुढच्या माणसाची ओढ दोरातून येते ती ऐकायची आणि त्याच्याबरोबर द्यायची. पलीकडचा दोर दोनशे पावलांवर असतो, तिथले लोक दिसतात मुंग्यांएवढे, तरी आपण जास्त ओढलं की त्यांना कळतं आणि ते थांबले की आपल्याला. कोणी हुकूम देत नाही. भाईसुद्धा नाही. मला लहानपणी वाटायचं की तांडेल ओढतो आणि बाकीचे मागून. धरल्यावर कळलं की कोणीच पुढं नसतं.

मागे चालत माडापर्यंत पोचलीस की दोर सोडायचा असतो आणि धावत पाण्याकडे जाऊन पुढून परत धरायचा असतो. पण सोडायच्या आधी मागच्याला ‘घे’ म्हणायचं, त्यानं ‘घेतला’ म्हटल्यावरच सोडायचा. हे विसरू नकोस. मी हेच केलं नाही.

तुला सगळ्यांनी सांगितलंय की गोव्याच्या हॉटेलचा फोन आला म्हणून मी दोर सोडला. फोन आला होता. पण मी घेतला नसता तरी त्यांनी परत केला असता. त्या दिवशी तारली एवढी लागली होती की पाणी चांदीसारखं उसळत होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की आज वाडीचा दिवस. आणि मला मधोमध उभं राहून वाटलं की हे असंच चालणार, ह्याची ओढ, त्याची ओढ, मी थांबलो तर बोलणार, जोरात ओढलं तर बोलणार. वाटलं, एवढ्या हातांत माझा एक नसला तर काय होतंय, बघू. म्हणून सोडला. घे न म्हणता. माझ्या मागचा समर्थचा बाप तोल जाऊन बसला, आमची बाजू ढिली पडली, जाळ्याची खालची कड वाळूवरून उचलली गेली. तेवढ्या फटीतून सगळी तारली गेली. माझा एक हात नसला तर काय होतं ते मला दिसलं. एकतीस घरांना दिसलं. त्यानंतर किनाऱ्यावर उभं राहायची छाती झाली नाही, म्हणून मी हॉटेलात गेलो. लोकांना वाटतं हॉटेलसाठी सोडला. उलट आहे.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू भाईंना सांगू नकोस, मीच सांगेन.

बाबांची ओढ. लांब ओढ देताना खांद्यानं नको, कंबर मागे टाकायची आणि मनात तीन मोजायचे. मग सैल. मग एकच आखूड, दार वाजवल्यासारखी. मी द्यायचो ती थोडी घाईची व्हायची. तू घाई करू नकोस.

लोक नाही म्हणतील. भाईपण म्हणतील बहुतेक. म्हटलं तर उलट बोलू नकोस, दोर सोडू मात्र नकोस.

दादावर माया असू दे, पुढच्या पत्रापर्यंत तरी.

तुझा,
दादा

—

खडपवाडी, मालवण
३ सप्टेंबर २०२३

चि. मितेश यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी घरात बसून, तोंड मिटून लिहीत आहे.

गुरुवारी हजेरी झाली. दर्याला नारळ आदल्या दिवशी वाहिला. सकाळी होडी जाळे टाकून आली, मी माडाखाली टोक धरून बसलो. डोळे मिटून नावे घेत होतो. बाविसावे नाव तुझ्या बापाचे. पुकारले, लवू मेथर यांचे घर. आणि थांबलो. खरे सांगतो, मनात ठरवले होते की तीनदा पुकारीन, चौथा श्वास घेईन आणि पुढे जाईन.

पहिल्याच हाकेला दोर आला. एक लांब. मग आखूड.

मितेश, माझ्या भावाला जाऊन सहा वर्षे झाली. तू द्यायचास ती त्याची ओढ, पण तुझी घाईची. ही घाईची नव्हती. मी डोळे उघडायला भ्यालो. उघडले तर डाव्या दोरावर, कमरेला लवूचा पट्टा बांधून, आपले चेडू, नम्रता, उभे.

गलका झाला असावा, तोंडे हलताना दिसली. मागाहून कळले, कोणी म्हणत होते पोरीने दोर धरला तर जाळे रिकामे येते, कोणी म्हणत होते मग मितेशने धरला तेव्हा काय भरून आले होते. मी हात वर केला. रीतीप्रमाणे विचारले की हे घर आहे की नाही. हो असेल त्याने धरा, नाही असेल त्याने सोडा.

अकरा घरांनी सोडला. तुझ्यापासून लपवत नाही, अकरावा मी. ओढ ओळखली होती, तरी सोडला. मला भीती वाटली. आज एक रीत हलली तर उद्या कुठली हलेल, आणि माझ्या हातून हलली असे व्हायला नको. तू मला राजा म्हणालास त्याचा राग होताच, तोही त्यात असेल.

पण वीस घरांनी धरून ठेवला. यशोदाबाईची सून टोपली खाली ठेवून आपल्या नवऱ्याच्या मागे उभी राहिली, तिला कोणी विचारलेही नव्हते. मी घरे मोजली. मग म्हटले, ठरले. आणि वाकून वाळूतले टोक परत उचलले. माझ्यामागून बाकीच्या दहांनी धरला. मंगेश सर्वांत शेवटी. तो म्हणाला की आता दोरावर शिव्या देताना मागे बघावे लागणार. नम्रताने त्याला सुनावले की त्या सगळ्या तिला येतात, मासळीबाजारात ती लहानपणापासून जाते.

जाळ्यात फार नव्हते. थोडी तारली, चार सौंदाळे, एक मोठे कासव, ते सोडून दिले. तुझ्या घरचा वाटा तुझी आई स्वतः पाण्यापर्यंत येऊन घेऊन गेली. सहा वर्षांत ती ओल्या वाळूवर आली नव्हती.

दत्तप्रसाद मास्तर बघायला आले होते. मी म्हटले, मास्तर, माझ्या वहीत एक लिहायचे राहिले. आपल्याच माणसांपुढे हरायचे आणि हरल्यावर तोच दोर धरायचा, हे कुठल्या कागदात आहे? ते म्हणाले, सापडले तर कळवतो. मुकादमाला विचार, त्यांच्याकडे आहे का.

तू सवलत मागितलीस ती मी दिली नाही, आणि नम्रताने मागितलीच नाही. तुझी सीट तुला मिळो. इकडची काळजी करू नकोस, घर आहे.

तुझी वाट बघणारा,
भाई

—

मु. कॅम्प
१६ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप भाईंस,

शि. सा. नमस्कार. आज कणा वाकवूनच.

राजा म्हणालो ती चूक. खोटं बोला म्हणालो ती त्याहून मोठी. दोर मी फोनसाठी सोडला नव्हता. खरं काय ते नम्रताच्या पत्रात आहे. तिला सांगितलं होतं दाखवू नकोस, आता तिला सांगा की दाखव. देवळाच्या आवारात वाचलंत तरी चालेल. एकतीस घरांची तारली गेली होती, एकतीस घरांनी ऐकावं.

तुमचं पत्र मी तंबूत वाचून दाखवलं, तुमच्यासारखंच मोठ्यानं. अकरा घरांनी सोडला तिथं ऑपरेटर म्हणाला, संपलं. मुकादम म्हणाला, थांब, त्या अकरांनी पुढं काय केलं ते वाच. वाचलं. त्यानं शेगडीत एक लाकूड सारलं. मग माझा हात धरून ते गोंदवलेलं परत एकदा वाचलं आणि म्हणाला की शब्द ठीक आहे, फक्त लहान पडलाय, ह्या अकरांना त्यात जागा नाही. मी म्हटलं, आहे, आता आहे. ह्या वेळी कोणी हसलं नाही.

सीट पक्की झाल्यात जमा, पंधरा दिवस उरलेत. ऑपरेटरला वर्षाची रजाही मिळते. दिवाळीला येत नाही, म्हणून आईला माझ्या वाटणीचा फराळ नको करू म्हणावं. एप्रिलमध्ये रस्ता परत उघडतो त्याआधी हिवाळ्यात काम बंद असतं, चार महिने; मागच्या हिवाळ्यात मी लेहला मशीनची राखण करत राहिलो. डिसेंबरात येतो, तेव्हा रापण चालू असते. माझा वाटा नको. घराचा एकच वाटा, तो नम्रताचा. मला फक्त तिच्या मागे उभं राहायला जागा आहे का ते घरांना विचारा. रीतीनं विचारा. सोडतील ते सोडू देत.

आणि तिनं घे म्हटलं की मी घेतला म्हणेन. तेवढं येतं मला.

एकच सांगायचं राहिलं. पुढच्या साली लवू मेथर यांचं घर पुकाराल तेव्हा एक लांब येईल आणि एक आखूड. ती नम्रता. तिच्यामागून जरा घाईची आणखी एक आली तर गोंधळू नका, डोळे उघडू नका. तो मी.

पायांशी जागा असू द्या,
मितेश